पासंग

नवऱ्याची वही अजून अर्धी कोरी आहे.
डावीकडे तारीख, मधे वजन, उजवीकडे भाव.
कॉड चारशे दहा किलो, हॅडॉक साठ,
आणि खाली त्याचं ते तिरकं ‘वारा वायव्य’.
शेवटची नोंद मार्चमधली. पुढची पानं
मी सिनेमांना दिली.

जानेवारीत ट्रोम्सोला सूर्य उगवत नाही.
दुपारी बाराला आभाळ जेमतेम निळसर होतं,
शाईची दौत विसळल्यासारखं,
आणि पुन्हा मिटतं.
अशा अंधारात आम्ही माणसं
आणखी अंधार शोधत रांगेत उभी राहतो,
बुटांना लोखंडी दाते लावून, गळ्यात पास अडकवून.
कुठला पाहिलास? तो घोड्यांचा. कसा होता?
खुर्च्या बऱ्या होत्या.

बाहेर पडताना दारात पेटी असते. एक ते पाच,
हव्या त्या आकड्यापाशी चिठ्ठी फाडायची.
मला ते जमत नाही. पाच म्हणजे काय,
पाच बोटं?
तीस वर्षं मी धक्क्यावर काट्यापाशी उभी होते.
त्याचे मासेही मीच तोलायची,
नवरा म्हणून एक ग्रॅम वर धरला नाही.
वजन कळतं मला.
म्हणून घरी येऊन, कॉफी चुलीवर ठेवून, लिहिते:

किर्गिझ घोड्यांचा, दोनशे वीस किलो.
दोन बहिणी, एक फ्रीज, भाषा पोर्तुगीज: नव्वद,
पण शेवट ओला. बर्फाचा कडता धरून सत्तर.
साडेतीन तासांचा, ज्यात एक म्हातारा भिंत रंगवतो
आणि ती वाळेपर्यंत आपणही बसून राहतो:
सोमवारी बारा किलो.
बुधवारी पहाटे तो म्हातारा
माझ्या स्वयंपाकघरात उभा होता, ब्रश घेऊन.
खोडलं. एकशे चाळीस.
आणि ज्याला अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता तो:
पासंगालाही पुरणार नाही.

शेजारची गुनवोर म्हणते, मापात पाप करतेस तू,
अर्धे सिनेमे तर झोपून काढतेस.
मी म्हणते, जाळंसुद्धा रात्रीच भरतं.
ती सगळ्यांना चार देते.
शाळेत शिकवायची ती, कुणाला नापास केलं नाही कधी.
दरवर्षी आम्ही यावरून भांडतो,
त्याच पुलावर, त्याच वाऱ्यात,
आणि वाऱ्याने निम्मं ऐकूच येत नाही
म्हणून टिकलंय आमचं.

शुक्रवारी सकाळी नऊचा, हॉल तीन.
न्यूफाउंडलंडची कुणी मुलगी, तिचा पहिलाच.
गोष्ट अशी नाही. एक बोट, तीन माणसं,
मग मधेच पडदा काळा
आणि नुसता रहाटाचा आवाज. दोर गुंडाळला जातोय.
किर्र. थांबतो. किर्र.
तेल मागणारा रहाट.
आमचाही तसाच होता. उद्या घालतो, म्हणायचा.

पडदा काळा होता ते बरं झालं.
शेजारच्या पोराने काही न विचारता
खारट गोळ्यांची पुडी माझ्यापुढे धरली.
चार घेतल्या. चारही चघळल्या.

चिठ्ठी फाडली नाही.
पेटीपाशी उभा होता तो म्हणाला, आवडला नाही?
मी म्हटलं, तुझा काटा कुठंय?

घरी नाव लिहिलं. तारीख लिहिली.
वजनाच्या रकान्यात पेन टेकवून बसले,
कॉफी उतू गेली, तिचा वास घरभर.
माल चढवण्याआधी
रिकामी पारडी सारखी करायची असतात,
एका बाजूला खिळा, खडा, काहीतरी ठेवून.
पहिल्याच दिवशी शिकवतात हे.
आणि मी मार्चपासून नुसती तोलतेय,
एक पारडं आधीच खाली टेकलेलं.
मग घोड्यांतून किती वजा करू?
त्या भिंतीतून किती?

रकाना तसाच ठेवला.
खाली लिहिलं, तिरकं: वारा आग्नेय, भुरभुर.
तेवढ्यात गुनवोरचा फोन.
उद्या हॉल एक, सकाळी साडेआठ, तीन तास दहा मिनिटं.
चार मिळतील त्याला, ती म्हणाली.
उशी घेऊन ये.